वरच्या मजल्याचे साचे

डिझायनरबाईंची ड्रॉइंगं म्हणजे काटकसरीचा कळस. इमारतीचे कॉलम खाली जाडजूड, वर जावं तसे बारीक. काँक्रीट फुकट जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा! आणि त्यापायी दर मजल्याला नवे साचे ठोकणं आलं नवऱ्याच्या नशिबी, कारण त्याच साइटवर शटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या लाकडी साच्यांचे, मुकादम ते.

एरवी दोघं यावर हसले असते. पण लेक परगावी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. "तुम्ही दोघं आल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही," असं तिने फोनवर ठणकावलेलं. इकडे मालक म्हणे, शेवटच्या मजल्याचे कॉलम भरल्याशिवाय मुकादमाला रजा नाही.

"तुझ्या ड्रॉइंगनीच माझी रजा खाल्ली बघ," जेवताना मुकादम म्हणाले. "प्लाय कापा, साचा ठोका, कॉलम भरला की मोडा. वरच्या मजल्याला माप बदललं, पुन्हा श्रीगणेशा!"

"मग इतके दिवस मूग गिळून का बसलात?"

"घरात तंटा नको म्हणून!"

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. काँक्रीट वाचवता वाचवता माणसांचे हात किती झिजले, हे त्यांनी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी उरलेल्या सगळ्या मजल्यांच्या कॉलमांना एकच माप दिलं. वर भार कमी, तिथे फक्त सळ्या कमी केल्या. काँक्रीट जास्त जाणार म्हणून मालक कुरकुरला, पण बाई हटल्या नाहीत. काम आधीच रखडलेलं, त्यामुळे त्यानेही मान डोलावली.

नव्या मापाचा पहिला मजला भरला. आता साचे अख्खेच्या अख्खे वर चढवायचे, ते बघायला बाई हौसेने साइटवर गेल्या. बघतात तर काय, फळ्यांची नीट थप्पी लागलेली आणि उपटलेले खिळे डब्यात.

"बघ, कशी लख्ख केली साइट!" मुकादम ऐटीत म्हणाले.

"अहो, साचे कुठे आहेत?"

"ते काय, मोड..." मुकादमांचा चेहराच उतरला. "मेली सवय गं! कॉलम भरला की हात आपोआप पहारीकडे जातो."

बाईंनी कपाळावर हात मारला. असा संताप आला म्हणता! पण चोरी पकडली गेलेल्या पोरासारखं नवऱ्याचं तोंड बघून त्यांना हसू फुटलं. मग त्यांनी थप्पीकडे नीट पाहिलं. फळ्या होत्या त्याच मापाच्या, कापाकापी उरलीच नव्हती.

"हातोडा द्या इकडे," बाई म्हणाल्या आणि कंबर कसून बसल्या. खिळ्यांपेक्षा त्यांच्या अंगठ्यालाच मार जास्त बसला, गडी हसून लोटपोट झाले, पण संध्याकाळपर्यंत साचे उभे राहिले. बाईंनी प्रत्येकावर खडूने ठसठशीत लिहिलं, 'मोडू नये'. मग काय, तेच साचे मजल्यामागून मजले चढत गेले आणि काम भराभर उरकलं.

दोघं लेकीच्या दारात पोचले तेव्हा ती दवाखान्याची पिशवी घेऊन उभीच होती. "आलात एकदाचे!" म्हणत ती आईच्या गळ्यात पडली आणि रडली.

नात घरी आली, तोवर आजोबांनी लाकडी पाळणा ठोकून ठेवला होता. चादर अंथरताना लेकीला तळाच्या फळीवर खडूची अक्षरं दिसली, बाबांच्याच हातची. 'मोडू नये.'

"बाबा!" ती लाजून ओरडली. "अहो, हिला तरी आधी धड झोपू द्या, पुढच्या बाळाचं मग बघू!"