एकाच बाजूची लाल चांदणी

मित्रांनो, मी एक जुना आणि अतिशय भित्रा फळा आहे. जुना आहे हे माझ्याकडे बघून कळतंच. भित्रा आहे हे मात्र मुद्दाम सांगावं लागतं, कारण रस्त्यावर पाय रोवून उभा असलेला फळा बघून लोकांना वाटतं, काय ऐटीत उभा आहे! ऐट कसली डोंबलाची! संध्याकाळी मला मिटून आत नेईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.

एका सुताराने मला टाकाऊ कपाटाच्या दोन दारांपासून बनवलं. वरच्या अंगाला दोन्ही दारं बिजागऱ्यांनी जोडली, खाली फाकू नयेत म्हणून मध्ये साखळी लावली आणि दोन्ही बाजूंना काळा रंग दिला. करवत पहिल्यांदा अंगाला लागली तेव्हा मी जो घाबरलो तो आजतागायत. त्यात भर म्हणून जाता जाता सुतार मालकीणबाईंना म्हणाला, "ताई, वारा सुटला की आत घ्या बरं याला. नाहीतर उडायचा आणि कुणाच्या तरी डोक्यात बसायचा." झालं! तेव्हापासून पानं हलली तरी माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात.

मी एका लहानशा खाणावळीबाहेर फुटपाथवर उभा असतो. माझ्या एका बाजूला स्टेशन आहे आणि दुसऱ्या बाजूला नदी. स्टेशनावरून येणाऱ्यांना माझी एक बाजू दिसते, नदीकाठाने फिरून येणाऱ्यांना दुसरी. दोघांनी माझ्याकडे बघितलं तरी दोघांना माझं पूर्ण अंग कधीच दिसत नाही. ही गोष्ट मला फार वर्षं मुळीच महत्त्वाची वाटली नव्हती.

आमच्या शहरात शनिवार-रविवारी पाहुण्यांची झुंबड उडते. दोन दिवस हाताशी, चाकांच्या बॅगा मागे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: खायचं कुठे आणि प्यायचं कुठे? वडिलांना कॉफी हवी असते, मुलांना सरबत, मावशीचे गुडघे दुखत असतात म्हणून तिला आधी खुर्ची हवी असते. कोपऱ्यावरच्या बेकरीत सकाळी रांग लागते. नदीकाठच्या गच्चीवर एक कॉफीवाला आहे, तिथून देखावा छान दिसतो, कॉफी मात्र पांचट. आणि मधल्या वेळी, पोटात कावळे ओरडायला लागले की लोक माझ्यासमोर येऊन थांबतात. आमच्याकडे गरम सूप, ताजा पाव, भाजलेल्या भाज्या आणि लिंबाचं सरबत मिळतं. त्या बॅगांची चाकं माझ्या पायावरून जातात, कुत्री माझ्याकडे वाईट नजरेनं बघतात, मी सगळं सोसतो. कारण लोक मला वाचून हसत हसत आत जातात, आणि ते बघायला मला आवडतं.

माझ्यावर लिहायची आमच्याकडे एक पद्धत होती. स्टेशनाकडची बाजू मालकीणबाईंची, नदीकडची त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे मालकांची. पूर्वी दोघं मिळेल त्या बाजूला लिहायचे. पण मालकांची ओळ लिहिता लिहिता खाली उतरते. बाई ती पुसून पुन्हा सरळ लिहायच्या, आणि मालक रुसून बसायचे. शेवटी वाटणी झाली. ज्याने त्याने आपापल्या बाजूला लिहायचं, दुसऱ्याच्या बाजूला खडू लावायचा नाही. आणखी एक नियम होता. ज्या पदार्थात काजू, बदाम, शेंगदाणे किंवा अक्रोड असेल त्याच्यापुढे लाल खडूने चांदणी काढायची. काही माणसांना यातलं काही खाल्लं की जिवावर बेततं, म्हणून बाईंनी हा नियम काढला होता. त्यासाठी आमचं खूप कौतुक झालं. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत, दोन दिवसांच्या सहलीत कुठे काय खावं याची यादी आली, त्यात माझा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'या फळ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा.' बाईंनी ते कात्रण भिंतीवर लावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा दोन दिवस कशालाच घाबरलो नाही.

आता ती शनिवारची गोष्ट सांगतो. सांगताना आजही माझी साखळी थरथरते.

त्या दिवशी गर्दी इतकी होती की बारा वाजायच्या आतच स्वयंपाकघरातली साय संपली. आमच्या भोपळ्याच्या सूपमध्ये साय घालतात. आचाऱ्याने जरा विचार केला आणि काजू वाटून घातले. लगेच त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून हाळी दिली, "भोपळ्याच्या सूपला चांदणी लावा हो!" मालक बाहेरच होते. त्यांनी खिशातून लाल खडू काढला आणि आपल्या बाजूला, नदीकडे, छान मोठी चांदणी काढली. मग ते वळसा घालून बाईंच्या बाजूला आले.

खडू हातात होता. सूपची ओळ समोर होती. पण मालकांचा हात वर जाईना. महिन्याभरापूर्वी त्यांनी अशीच एक चांदणी बाईंच्या बाजूला काढली होती. बाईंनी ती पुसून दुसरी काढली होती, आणि त्यावरून दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. 'तिने ऐकलंच असेल,' ते पुटपुटले. 'आचाऱ्याचा आवाज काय कमी आहे? ती काढेल.' तेवढ्यात अकरा जणांच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली आणि ते आत गेले. बाई त्या वेळी मागच्या कोठीत पावाच्या टोपल्या मोजत होत्या. त्यांनी काही म्हणता काही ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, तेव्हा मी काय झालो होतो माहीत आहे? मी एका बाजूने खरा होतो आणि दुसऱ्या बाजूने खोटा. आणि हे त्या अख्ख्या रस्त्यात फक्त मला ठाऊक होतं. मला तोंड नाही. लोक मला वाचतात, तेवढंच. स्टेशनाकडून एखादी गाडी आल्याचा आवाज झाला की माझ्या अंगावर काटा यायचा.

पाऊण तासाने ते तिघं आले, स्टेशनाकडूनच. एक आजोबा, त्यांची मुलगी आणि नऊ वर्षांची नात. आजोबा नातीला चिमणी म्हणत होते. आजोबांच्या खिशातही पुरवणीतलं तसंच कात्रण होतं, आणि त्याच्या मागे त्यांनी दोन दिवसांचा बेत लिहिला होता: सकाळी बेकरी, दुपारी सूप, संध्याकाळी नदीकाठी सरबत. चिमणीला काजू-शेंगदाण्यांचा तोच जीवघेणा त्रास होता. त्यामुळे ती आजवर कुठल्याच सहलीत बाहेर जेवली नव्हती, घरचा डबा उघडून बसायची. बाहेर जेवायची ही तिची पहिलीच सहल होती आणि आजोबांनी ती महिनाभर आखली होती. त्यांनी आमच्या बाईंना फोनसुद्धा केला होता. बाई म्हणाल्या होत्या, "आजोबा, लाल चांदणी नसेल तर बिनधास्त खा."

आजोबांनी माझ्या ओळींवरून बोट फिरवलं. त्यांचं बोट भोपळ्याच्या सूपवर थांबलं. मी मनातल्या मनात किंचाळलो, 'आजोबा, इकडे या! मागे या! चार पावलं फक्त!'

"आजोबा, मी आत जाऊन विचारून येऊ?" चिमणी म्हणाली.

"अगं, कशाला? इथे स्वच्छ लिहिलंय, चांदणी नाही. दर वेळी तोंड एवढंसं करून विचारत बसतेस, मला बघवत नाही. आज एक दिवस तरी इतर मुलांसारखी मजेत बस."

ते प्रेमानेच बोलले हो. म्हणूनच तर चिमणीने ऐकलं.

ते माझ्या शेजारच्याच टेबलावर बसले. मालकांनी स्वतः तीन वाट्या आणून ठेवल्या. फोन बाईंनी घेतला होता, त्यामुळे मालकांना चिमणीबद्दल काहीच कल्पना नव्हती. चिमणीने सूपवर फुंकर मारली. पहिला चमचा. दुसरा. "किती छान आहे, आई!" तिसरा. तोवर मी वाऱ्याला इतका भ्यायचो, पण त्या क्षणी मी वाऱ्याची भीक मागत होतो. एक झोत ये रे बाबा, मला पाड, माझे तुकडे कर, पण ती वाटी सांडू दे. पान हललं नाही.

"आजोबा, माझी जीभ चुरचुरतेय," चिमणी म्हणाली. मग तिने गळ्याला हात लावला.

तिचे ओठ बघता बघता सुजले. आवाज बसला. आजोबा नुसते "चिमणे, चिमणे" करत राहिले. आईने मात्र एक क्षणही घालवला नाही. पिशवीतून औषधाची सुई काढून तिने ती मुलीच्या मांडीत टोचली आणि ओरडली, "अॅम्ब्युलन्स बोलवा! काजू-शेंगदाणे काहीतरी आहे यात!" आचारी धावत बाहेर आला. हातातला डाव तसाच धरून तो म्हणाला, "काजू आहेत. मी तर चांदणी लावायला सांगितली होती." आणि मालकांचा चेहरा पांढराफटक पडला.

गाडी आली. लहान मुलीला त्या मोठ्या स्ट्रेचरवर ठेवलं, तेव्हा ती किती छोटी दिसली! आई तिच्याबरोबर गेली. आजोबांना गाडीत जागा नव्हती. ते उठले, काही सुचेना म्हणून माझ्याभोवती फिरले, आणि नदीकडच्या बाजूला येऊन थांबले. तिथे ती मोठी लाल चांदणी होती.

"इथे आहे," ते म्हणाले. "अरे देवा, इथे आहे."

मला आयुष्यात कुणी लाथ मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी एक बाजू बघितली, मग दुसरी बघितली. टॅक्सी थांबवून आजोबांना घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. मालक पायरीवर बसून राहिले. मुठीत लाल खडू होता, त्याचा चुरा झाला तरी त्यांना कळलं नाही.

चार तास आम्हाला काहीच माहीत नव्हतं. ते चार तास मला कुणी विचारू नका. संध्याकाळी फोन वाजला. मालकांनी तो तीन वेळा वाजू दिला, कारण उचलायची हिंमत होईना. पलीकडून बाई रडत सांगत होत्या की चिमणी बोलायला लागली आहे, श्वास नीट आहे, पण रात्रभर तिथेच ठेवणार आहेत. मालक भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

त्यानंतर मला मिटून कोठीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सहा आठवडे मी तिथे होतो. माझ्यावर पिठाची पोती टेकवली होती. मला वाटायचं, आता माझं सरपण होणार, आणि खरं सांगतो, ते मला योग्यच वाटायचं. बाहेर दोघं नवरा-बायको एकमेकांशी फार हळू बोलायचे. एके सकाळी त्यांनी मला बाहेर काढलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. भिंतीवरचं ते कात्रण बाईंनी आधीच काढून टाकलं होतं.

"आता तुझी बाजू-माझी बाजू नको," बाई म्हणाल्या. "मी लिहीन, तुम्ही मोठ्याने वाचा. मग तुम्ही लिहा, मी वाचेन."

"आणि माझी ओळ खाली उतरली तर?"

"उतरू दे हो. ओळ उतरली तर कुणी मरत नाही."

वसंत सुरू झाल्यावर एका शनिवारी चिमणी पुन्हा आली. यावेळी तीच आजोबांना ओढत आणत होती. त्या दिवसापासून आजोबा बाहेर कुठे जेवलेच नव्हते, तिला तर बिस्किटसुद्धा देईनासे झाले होते. रस्त्याच्या पलीकडेच त्यांचे पाय अडखळले. "चिमणे, नको. आपण घरी जाऊ. मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

तिने माझी एक बाजू वाचली. मग वळसा घालून दुसरी बाजू वाचली. मग ती आत गेली आणि ओट्यापाशी उभी राहून आचाऱ्याला तिने एकेक विचारलं: यात काय आहे, त्यात काय आहे, पळी कुठली वापरता, साय संपली तर काय घालता? दुपारची घाई होती तरी आचाऱ्याने चूल बारीक केली आणि सगळं सांगितलं. ती बाहेर येऊन आजोबांना म्हणाली, "विचारलं. आता खाऊ या."

आजोबांनी आपल्या वाटीला हातसुद्धा लावला नाही. ते तिच्या ओठांकडे बघत बसले, एकेक चमचा. तिची वाटी रिकामी झाली आणि ती "अजून पाव आहे का?" म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी चमचा उचलला. त्यांचं सूप केव्हाच गार झालं होतं. त्यांनी ते सगळं संपवलं.

मित्रांनो, जुने फळे शेवटी मुलांकडे काहीतरी मागतात. मला नवा रंग नको, कौतुक नको, पुरवणीत फोटो तर मुळीच नको. तुम्ही सुट्टीत नव्या गावी जाल, भूक लागलेली असेल, समोर माझ्यासारखा एखादा नीटनेटका फळा उभा असेल. त्याला जरूर वाचा. पण माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका रे. आत जा आणि विचारा. कुणी वैतागलं तर वैतागू दे, मोठी माणसं "कशाला?" म्हणाली तरी विचारा. तुम्ही विचारून बाहेर येईपर्यंत इथे उन्हात माझा जीव टांगणीला लागलेला असतो.