झोका पाहिजे

धुळ्यात मुलांना खेळायला जागा नाही म्हणे! आणि हे मला कोण सांगतंय, तर माझी मुलगी दिपमाला, जी देवपुरातल्या ह्याच कॉलनीत गुडघे फोडून घेत लहानाची मोठी झाली.

दिपमाला पुण्यात बँकेत आहे. तिला बदली मागायची संधी आली होती, आणि धुळ्याची शाखा यादीत होती. जावयांचं काम लॅपटॉपवरचं, ते कुठेही बसून करतात, त्यांची ना नव्हती. मला वाटलं, झालं, आता आले सगळे. हे गेल्यापासून ह्या घरात मी आणि टीव्ही, असे दोघंच राहतो, आणि टीव्हीला उलटून बोलायची मला सवय लागली आहे. आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे गेलं, तेव्हा बोलायला समोर कायम रांग असायची. खोटं कशाला बोलू, मला मुलगी जवळ हवी होती. आणि नात त्याहून जास्त हवी होती.

पण बाईसाहेब फोनवर म्हणाल्या, "मम्मी, सगळं ठीक आहे गं. पण मिहू खेळेल कुठे? इथे सोसायटीत खाली प्ले एरिया आहे. खाली रबर आहे, पडलं तरी लागत नाही. तिथे काय आहे?"

मिहू म्हणजे मिहिका, माझी सहा वर्षांची नात.

"इथे काय आहे ते तू आखाजीला आलीस की दाखवते," मी ठणकावून सांगितलं. फोन ठेवला आणि मग मला घाम फुटला, कारण इथे काय आहे ते मलाही माहीत नव्हतं.

आखाजी आठवड्यावर आली होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि लेकी माहेरी याव्यात असा आमचा तो मोठा सण. दिपमाला बऱ्याच वर्षांनी येणार होती, आणि परत गेली की बदलीचं हो किंवा नाही कळवणार होती. म्हणजे माझ्या हातात एक आठवडा आणि एक गाव होतं.

शेजारच्या सुगराबीला मी सगळं सांगितलं. तिची बांगड्यांची टोपली आता सुनेकडे गेली आहे, त्यामुळे तिलाही वेळ होता. तिची नात कशिश मिहूच्याच वयाची. सुगराबी म्हणाली, "भाभी, चला. माझ्या पोराची रिक्षा आहे ना घरची. सगळे बगीचे बघून टाकू." रोज ऊन उतरलं की आम्ही दोघी निघायचो. एखाद्या मुलाला स्थळं पाहायला निघावं तशा थाटात.

पहिली बाग दिसायला सुंदर होती. हिरवंगार गवत, कडेला शेवंती. एका पोराने गवतावर पाय ठेवला आणि शिट्टी वाजली. वॉचमन काठी घेऊन धावत आला. मी त्याला विचारलं, "गवतावर जायचं नाही, तर पोरांनी खेळायचं कुठे?" तो म्हणाला, "बाकावर बसायचं." बाकांवर आधीच कॉलेजची पोरंपोरी बसली होती, आणि त्यांचा उठायचा काही विचार दिसत नव्हता.

दुसऱ्या ठिकाणी खेळणी काढून व्यायामाची यंत्रं बसवली होती. प्रत्येक यंत्रावर एकेक काका बसून मोबाइल बघत होते. एका दांडीवर कोणीतरी गोधडी वाळत घातली होती. सुगराबी कंबर फिरवायच्या चकतीवर चढली आणि तिला ते इतकं आवडलं, की उतरायचं नावच घेईना. मी म्हटलं, "सुगराबी, आपण पोरींसाठी आलोय." ती म्हणाली, "पोरींच्या दादींनी काय पाप केलं?"

पांझरा नदीच्या काठची जागा नवी होती. फोटो काढायला माणसाच्या उंचीची रंगीत अक्षरं, पाणी नसलेलं कारंजं, आणि चकचकीत पत्र्याची घसरगुंडी. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. सुगराबीने घसरगुंडीला बोट लावलं आणि फूं फूं करत मागे घेतलं.

"भाभी, बच्ची बसली तर पापडासारखी भाजून निघेल!"

एप्रिलच्या धुळ्यात पत्र्याची घसरगुंडी ज्याच्या डोक्यातून निघाली, त्या माणसाला एकदा तिच्यावरून घसरवलं पाहिजे. मी हे मोठ्याने बोलले. शेजारच्या भेळवाल्याने मान डोलावली.

तिथून परतताना मी खरंच हिरमुसले होते. अशा वेळी मी माझ्या भावाला फोन करते. लोटन धरणगावला असतो, शेती करतो, पण कामानिमित्त धुळ्याला सारखा येतो आणि गावभर फिरतो. त्याला एखादी बाग ठाऊक असेल, असं मला वाटलं. रिक्षाच्या आवाजात, आमच्या अहिराणीत, ओरडूनच बोलले.

"लोटन, दिपमाला ई राहिनी आखाजीले. मिहूसाठे चांगला झोका पाहिजे रे! कोठे भेटी?"

"झोका? बरं, बरं, अक्का. तू फिकर करू नको. मी देखस."

आणि फोन कट. मी आणखी काही सांगायच्या आत.

दुसऱ्याच दिवशी आम्हाला ती बाग सापडली. पाण्याच्या टाकीमागची, जुनी. दाट गुलमोहर, त्याखाली चार झोके, चारही धड. झोक्यांखाली टाकलेली वाळू. प्यायच्या पाण्याला थंडगार नळ. संडासाला आतून कडी, आणि ती कडी लागत होती! मी दोनदा लावून पाहिली. सुगराबीने हात जोडले. संध्याकाळी पोरं झोक्यावर ओरडत होती, आणि त्यांच्या आया पदराने वारा घेत शांत बसल्या होत्या. मला भरून आलं. लोटनला कळवायचं राहिलंच, कारण आता त्याची गरज नव्हती.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी दिपमाला आणि मिहू आल्या. मिहूने माझ्या गळ्यात हात टाकले, मग सोफ्यावर बसून मोबाइल उघडला. दिपमालाने खिडकीतून समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

आमच्या कॉलनीची ही ओपन स्पेस. नकाशात बाग म्हणून सोडलेली. प्रत्यक्षात एक मोठा कडुनिंब, एक बंद हातपंप आणि सगळ्यांच्या गाड्या. आठवडाभर मी गाव पालथं घातलं, पण रोज जिच्यासमोरून गेले, त्या जागेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यात पाहण्यासारखं काय होतं?

"हे अजून असंच आहे," दिपमाला म्हणाली.

"उद्या बघ," मी म्हणाले.

आखाजीला सकाळी घागर पुजली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पुरणपोळ्या आणि आमरस झाला. ऊन कलल्यावर मी दोघींना नटवून बाहेर काढलं. मिहूने नवा फ्रॉक घातला होता. रिक्षात मी कडीचंसुद्धा वर्णन केलं. दिपमाला हसली आणि म्हणाली, "मम्मी, तू संडासाची कडी तपासायला गेली होतीस?" मला ते हसणं फार आवडलं.

बागेत पाऊल टाकलं आणि पाहते तर काय! चारही झोके वर होते. साखळ्या वरच्या दांडीला गुंडाळून तारेने बांधून टाकल्या होत्या. पोरं खाली उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

मी वॉचमनला गाठलं. "हे काय आहे?"

"आज आखाजी आहे ना, अक्का," तो शांतपणे म्हणाला. "आज बाया येतात आणि झोक्यावर बसतात. एकावर दोन-दोन. मागच्या साली साखळ्या तुटल्या. म्हणून आजच्या दिवस वर बांधतो."

"आखाजीच्या दिवशी झोका बांधून ठेवायचा? अहो, हा झोक्याचाच सण आहे!"

"म्हणून तर बांधला," तो म्हणाला.

मी खूप बोलले. पोस्टातला सगळा अनुभव पणाला लावला. पण तोही खरं बोलत होता. खान्देशातल्या बाईला आखाजीला झोका दिसला आणि ती बसली नाही, असं होत नाही. मी स्वतः खान्देशातली, धरणगावच्या निंबावर पोरपणी झोके घेतलेली, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये! स्वतःचाच राग येऊन मला रडू फुटायचं बाकी होतं.

मिहू माझं बोट धरून म्हणाली, "आजी, घरी जाऊ या का? मला कार्टून बघायचंय."

दिपमाला रिक्षाकडे वळली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. परतताना रिक्षात ती बाहेर बघत बसली, आणि मला कळलं की उत्तर ठरलं आहे. मी मनातल्या मनात टीव्हीशी बोलायला सुरुवात केली होती.

कॉलनीच्या वळणावर रिक्षा थांबली, कारण पुढे जायला जागाच नव्हती. ओपन स्पेसमधल्या सगळ्या गाड्या रस्त्यावर आणून लावल्या होत्या. आणि आतून पोरांचा असा गलका येत होता, की मला वाटलं काहीतरी विपरीत घडलं.

कडुनिंबाच्या आडव्या फांदीला झोका होता. मनगटाएवढ्या नाड्याचा, म्हणजे विहिरीवर वापरतात त्या जाड दोराचा, खाली रुंद फळी. फळीवर सुगराबीची कशिश उभी होती आणि झोका आभाळात चालला होता. खाली सगळ्या कॉलनीची पोरं रांगेत. आणि शिडीला टेकून, टोपी मागे सारून, घामाने निथळत उभा असलेला माणूस म्हणजे माझा भाऊ लोटन.

"लोटन! तू कधी ऊना?"

"तुम्ही गयात नि लगेच. तुन्हा दाराले कुलूप. सुगराबीनी पानी दिधं. गाड्या बी तिनीच काढाले लावल्या बठ्ठासले."

"पण हे काय?"

लोटन माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मला ऊन लागलं आहे. "अक्का, तूच बोलनी ना फोनवर? मिहूसाठे चांगला झोका पाहिजे. मंग झोका लई ऊनू. नाडा नवा शे. फळी घरनी शे."

"अरे, मी बगीचामधला झोका इचारी राहिंती! कोठे चांगला बगीचा शे, असं!"

"आखाजीना आठवडामा झोका म्हणशी, तर मी बगीचा समजू का?" लोटन म्हणाला.

सुगराबी इतकी हसली, की तिला हातपंपाला धरावं लागलं. मलाही हसू आलं आणि त्याबरोबर मघाचं रडूही आलं.

तोवर मिहू माझं बोट सोडून गेली होती. ती सरळ झोक्याजवळ जाऊन उभी राहिली. कशिशने वरूनच ओरडून सांगितलं, "नंबर लाव! मागे!" आमची पुण्याची पोरगी मुकाट्याने रांगेच्या शेवटी गेली. नंबर आला तेव्हा तिला फळीवर उभं राहता येईना. कशिश तिच्यासमोर चढली, दोघींनी दोर धरला आणि पाय वाकवून झोका चढवायला लागल्या. उतरताना मिहू मातीत पडली. गुडघा सोलला. दिपमाला धावली, पण मिहूने गुडघ्याकडे पाहिलं, फ्रॉकने माती पुसली आणि पळत जाऊन परत रांगेत उभी राहिली. मोबाइल रिक्षात राहिला होता. तो कोणालाच आठवला नाही.

अंधार पडायला लागला तशा बाया आल्या. कोणी माहेरी आलेल्या, कोणी इथल्याच. गाणी सुरू झाली. पोरांना बाजूला सारून एकेक बाई फळीवर चढायला लागली, आणि बागेतल्या वॉचमनने साखळ्या का बांधल्या ते मला नीटच कळलं. कोणीतरी दिपमालाला पुढे ढकललं. ती नाही नाही म्हणाली, मग चप्पल काढली, ओढणी कमरेला खोचली आणि बसली.

"मम्मी," ती मान वळवून म्हणाली, "झोका दे ना."

मी तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि ढकललं. ती गेली आणि परत माझ्या हातात आली. किती वर्षांनी. मी पुन्हा ढकललं, आणि ती पुन्हा आली. मला त्या वेळी जगातलं दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी लोटनची निघायची वेळ झाली. आखाजी सरली की झोका उतरवायचा, ही आमच्याकडची रीत. झोका उतरतो आणि लेकी सासरी जातात. लोटनने निंबाला शिडी लावली. मिहू आणि कशिश दोघी खाली फळीवर ठाण मांडून बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. मी त्यांना समजावायला गेले, आणि मीच दोर धरून उभी राहिले.

दिपमाला दारातून आली, हातात चहाचा कप.

"मामा, सोडू नका," ती म्हणाली. "राहू द्या."

"अगं, पण आखाजी सरली ना," लोटन शिडीवरूनच म्हणाला.

"सरू द्या. जूनमध्ये मिहूची शाळा इथे सुरू होईल. तेव्हा झोका नसला, तर ती मला घरात राहू देईल का?"

तिने कपातला चहा प्यायला, जसं काही विशेष बोललीच नाही.

लोटनने शिडीवरून माझ्याकडे पाहिलं. "काय करू, अक्का?"

"करतो काय," मी म्हणाले, "गाठ पक्की कर."