चाळीस गाठी

गाठी चाळीस. टॉवर अठरा मीटर उंच, तीन-तीन मीटरच्या सहा तुकड्यांचा. त्याला ताणून धरणाऱ्या तारा सहा. खालून टोकापर्यंत गेलेल्या केबली दोन: एक अँटेनाची, जाड आणि काळी, दुसरी अँटेना फिरवणाऱ्या मोटरची. उदगीरच्या कॉलेजच्या गच्चीवर त्या दोन केबली टॉवरच्या एका पायाला हातभर अंतरानं बांधून झाल्या होत्या. रामलिंगनं टोकावरून खाली बघत गाठी एकदा मोजल्या आणि मगच तो उतरला.

"ट्रक न्हाई त्यो, रामलिंगा," खाली दोरी गुंडाळत वीरभद्र म्हणाला. "घाटात पलटी व्हायची फिकीर हाय का? किती आवळलास!"

"तू बांधला असतास तर आत्तापोवर केबल तुझ्या डोस्क्यावर आली असती."

दोघांनी एकतीस वर्षं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलली होती. भरलेल्या ट्रकवर चढून दोर आवळण्याचं काम मात्र रामलिंगचंच. त्याची गाठ पडली की तुरीचं पोतं हैदराबादपर्यंत बोटभर सरकत नसे. ही गाठ त्याला बापानं, शिवप्पानं, शिकवली होती. कितीही ओढा, सुटत नाही. शेपूट धरून एक झटका दिला की मोकळी. हमाली सुटल्यावर तो उंचावरचं काहीही बांधू लागला. दुकानांचे बोर्ड, पाण्याच्या टाक्या, ताडपत्र्या. यंदा या टॉवरवर केबली धरणारे प्लास्टिकचे पट्टे मे महिन्याच्या उन्हात तडकून खाली पडले, तेव्हा शिल्पा मॅडम त्याला शोधत घरी आल्या होत्या.

शिल्पा मॅडम कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि हौशी रेडिओचा परवाना बाळगून होत्या. आज दोन वाजता पुराची रंगीत तालीम होती. सगळे फोन बंद पडले असं धरून उदगीरनं रेडिओवरून आधी हदगावशी आणि मग लातूरशी बोलायचं. प्राचार्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, "आज जमलं तर टॉवरचा जिम्मा तुमच्याकडं राहील, रामलिंग. न्हाई जमलं तर लातूरच्या कंपनीला देऊन टाकू. वयबी झालंय तुमचं."

सत्तावन्न वर्षांचं वय त्याला आजपर्यंत कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

पाऊण वाजता मॅडमनी अँटेना पंचवीस अंशांवर नेली. हदगावचा आवाज गच्चीवरच्या रेडिओच्या खोलीत शेजारच्यासारखा आला. वीरभद्रानं टाळी वाजवली. मग लातूरसाठी दोनशे सत्तर. मोटरच्या डब्यावरची दिशेची सुई पन्नास, नव्वद, एकशे वीस अशी सरकली आणि एकशे चाळीसवर थांबली. वर मोटर घुमली. मॅडमनी झटकन बटण बंद केलं.

"मोटर अडकली वाटतं," त्या म्हणाल्या. "मामा, तुम्ही राहू द्या. लातूरच्या लोकांना फोन करते."

"आधी बघून येतो की."

त्यानं गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सरकवलं, कंबरेचा पट्टा बांधला आणि पुन्हा चढला. वर पोचल्यावर त्याला एका नजरेत कळलं. मोटरच्या वरचा खांब फिरायला मोकळा होता, पण त्याच्याबरोबर फिरायला काळ्या केबलीला जागाच नव्हती. त्याच्या शेवटच्या गाठीपासून अँटेनापर्यंत ती तारेसारखी ताणली गेली होती आणि तिचा जोड निखळायच्या बेतात होता. सकाळी मॅडम म्हणाल्या होत्या, "मामा, वर वळशाएवढी ढील ठेवा." त्यानं मान डोलावली होती. पण हात मोंढ्यातले. मोंढ्यात कुणाच्या ट्रकवर ढील दिसली तर त्या माणसाकडं बघून लोक हसत.

खालून मॅडमनी हाक मारली, "मोटरच ना, मामा?"

खालून काहीच दिसत नव्हतं. तो हो म्हणाला असता तरी चाललं असतं.

"मोटर चांगली हाय, म्याडम!" तो ओरडला. "चूक माझी हाय! ढील सोडली न्हाई मी!"

प्राचार्य गच्चीच्या दारात येऊन उभे होते. त्यांनीही ते ऐकलं.

खोलीत केबलीचं दीड मीटर वेटोळं शिल्लक होतं, पण ते वर न्यायचं तर मधल्या गाठी वाटेत होत्या. एकही गाठ केबलीला सरकू देत नव्हती. म्हणजे चाळीसच्या चाळीस सोडायच्या.

"कापू का?" वीरभद्रानं खिशातून पातं काढलं. "एक वाजला, मर्दा."

"माझी गाठ कापायची?"

उतरता उतरता तो शेपटं ओढत आला. एक झटका, एक गाठ. गच्चीवर पाय टेकले तेव्हा मॅडमच्या घड्याळात चार मिनिटं झाली होती. मॅडमनी अँटेना परत पंचवीसवर नेली आणि वेटोळं सोडवायला घेतलं.

"मामा, घाई नको. पाणी प्या."

"उतरल्यावर पितो."

तो तिसऱ्यांदा चढला. खालून वीरभद्रानं केबल सोडली, वरून त्यानं खेचली, मोटरच्या भोवती हाताच्या कवेएवढा सैल वळसा दिला आणि पहिली गाठ मारली. केबल धरून राहील इतकीच घट्ट. मग खाली दुसरी, तिसरी. दहाव्या गाठीशी त्यानं पट्ट्यावर भार टाकून दम घेतला. विसाव्याशी वीरभद्र खालून म्हणाला, "म्हातारं झालास की रे!" त्यावर वरून जी शिवी आली ती ऐकून प्राचार्यांनी दुसरीकडं पाहिलं.

चाळिसावी गाठ पडली तेव्हा एक वाजून पंचेचाळीस झाले होते. मॅडम खोलीकडं वळल्या.

"थांबा, म्याडम. मी वर जातो, मग फिरवा."

"खालून कळतंच की, मामा. सुई दिसते."

"तुमची सुई तुम्ही बघा. माझं मी बघतो."

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

चढायला त्याला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. वर पट्टा अडकवून त्यानं हात हलवला. "फिरवा!" अँटेना हलली. पंचवीस. नव्वद. एकशे चाळीस. वळसा हळूहळू आत येत होता. खालून मॅडम आकडे सांगत होत्या, वीरभद्र ते मोठ्यानं वर पोचवत होता. "दोनशे सत्तर! लातूर आलं रे!" प्राचार्य दारातून पुढं येऊन मान वर करून उभे राहिले.

"पुढं जाऊ द्या," रामलिंग ओरडला. "पुरा फेरा."

तीनशे साठवर मोटर आपोआप थांबली. त्यानं केबल आणि खांब यांच्या मधल्या फटीत हात आडवा घातला.

चार बोटं ढील.