मास्तरांचा कोट

मास्तरांचा कोट खुंटीवरही वाकलेलाच दिसायचा. पाठीत बाक दिसू लागला त्या वर्षी मास्तरांनी तो स्वतःसाठी बेतला होता, पाठ दोन बोटं जास्त आणि पुढचा भाग तेवढाच आखूड. पुढे तो कोटही त्यांना पुरेना. शेवटी शेवटी तर ते गिऱ्हाइकाला तोंडावरून नाही, पायांतल्या चपलांवरून ओळखायचे. शिलाई मशीननं माणूस वाकवला, असं लोक म्हणत. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मास्तर गेल्यावर दुकान लेकीनं चालवलं. गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणू लागली, आधी चेष्टेनं, मग मानानं. एकदा तिच्या नवऱ्यानं तो कोट गंमत म्हणून अंगात घातला, तर कॉलर मानेपासून सुटली आणि पाठीवर चुण्यांचं गाठोडं झालं. दोघं पोट धरून हसले.

तिचं स्वतःचं दुखणं सकाळचं. उठताना कंबर लाकूड झालेली असायची, आणि दुकानात चार येरझारा घातल्या की सैल व्हायची. काम केल्यावर बरं वाटतं, हे कसलं दुखणं, असं घरात सगळे म्हणत. एका डॉक्टरांनी ते बाळंतपणावर ढकललं. आईचा उपाय एकच, पडून राहा. मास्तरांनाही तिनं असंच जपलं होतं, उशा लावून, इकडची काडी तिकडे करू न देता.

त्या सकाळी गारठा होता. इस्त्री तापेपर्यंत ऊब हवी म्हणून तिनं हाताशी आलेला खुंटीवरचा कोट चढवला. बटणं लावताना तिच्या लक्षात आलं, कोट कुठेच ओढत नाहीये. ती आरशासमोर कडेनं उभी राहिली. कॉलर मानेला लागून, पाठीवर एक चुणी नाही. कपडा असाच बसावा म्हणून तिनं जन्मभर जीव टाकला होता. आज तो तसा बसला, आणि तोही बाबांच्या वाकलेल्या पाठीवर बेतलेला.

चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली होती. तिला फक्त पाठ दिसत होती.

"अहो," आई म्हणाली.

मास्तर गेल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. लेकीची मान वळेना म्हणून ती सबंध अंगानंच वळली, अगदी मास्तर वळायचे तशी. आईनं चहा उंबऱ्यावरच ठेवला. तिनं पुढे येऊन कोटाची बाही धरली.

"काढ तो कोट. आधी काढ."

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि आजाराचं नाव सांगितलं, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. मशीनचा यात दोष नाही, म्हणाल्या. रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, बाईमाणसालाही होतो. मणक्यांना सूज येते आणि काहींचे मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातात. जुळलेलं सुटत नाही, पण हिचं अजून फारसं जुळलेलं नाही. औषध आहे, रोजचा व्यायाम आहे. दिवसदिवस पडून राहणं मात्र या दुखण्याला मुळीच मानवत नाही.

बाहेर आल्यावर आई पायरीवरच थांबली. मग म्हणाली, "मीच त्यांना झोपवून ठेवलं गं."

"तुला तेव्हा कुणी सांगितलं होतं?" लेक म्हणाली. तिला बाबांची दया आली आणि त्याहून जास्त आईची.

कोट जाळून टाक, असं आई म्हणत राहिली. मास्तरीणबाईनं ऐकलं नाही. हट्टीपणा बापाचाच. महिन्याकाठी ती कोट घालते आणि आईला मागे उभी करते. जन्मभर चुणीशी वैर धरलेली बाई आता पाठीवर एक तरी चुणी पडावी म्हणून श्वास रोखून उभी असते. बाबा आपल्या अंगातून थोडे तरी बाहेर निघाले का, एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं.

"आई, पडली का गं?"

"पडलीय," आई म्हणाली. "चांगली हातात येईल एवढी."

आईचा तळहात मात्र तिच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत कुठेही न अडखळता फिरला होता. तिनं आईला तसं दाखवलं नाही. कोट काढून खुंटीला लावला, भिंतीला पाठ टेकली आणि व्यायाम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.