उपाशी पेशी

दोन आठवडे धाकटीच्या पेशी तिचं हसं करत होत्या. प्रयोगशाळेत सगळ्यांत नवी, म्हणून तिचं नाव धाकटी. काम सांगायला सोपं होतं. पेशीच्या दारावर एका संदेशानं टकटक करायची. दारातलं प्रथिन आतल्याला सांगतं, ते पुढच्याला. निरोप असा हातोहात केंद्रकापर्यंत पोचला, की तिथलं झोपलेलं जनुक जागं होतं आणि पेशी हिरवी उजळते. ज्या बशीत टकटक केलीच नाही, ती मात्र काळोखी राहायला हवी. धाकटीच्या दोन्ही बशा हिरव्यागार!

"बोलावण्याआधीच जागं होतंय तुझं जनुक," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत जमव, नाहीतर हा विषय सोडून दे."

गुरुवारी ती जरा लवकरच आली. बघते तर पेशींचं खाणंपिणं सांभाळणाऱ्या काकू तिच्याच बशीवर वाकलेल्या.

"काकू, हे काय घालताय?"

"सीरम, रक्तातलं पौष्टिक पाणी. झाकणावर तूच लिहिलंयस ना, 'उपाशी'? रोज वाचते आणि दोन थेंब घालते बाई. म्हटलं, पोर कामाच्या नादात विसरत असेल."

धाकटीनं बशी पटकन बाजूला ओढली. "अहो, मुद्दाम उपाशी ठेवते मी! सीरममध्ये शंभर निरोप असतात. त्या गलक्यानंच जनुक जागं होतं. मग माझ्या टकटकीला काय अर्थ उरला?"

काकूंनी जीभ चावली, पण क्षणभरच. "मग तसं लिहावं की गं! उपाशी म्हणजे ज्याला आधी वाढायचं तो. ज्याला वाढायचं नाही, त्याचा उपास असतो."

यावर धाकटीनं कपाळाला हात लावला. ती हसतच सुटली.

दोघींनी मिळून नव्या बशांतल्या पेशी धुतल्या, सीरम नसलेलं पातळ खाद्य घातलं. झाकणावर काकूंनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'उपास आहे. आग्रह करू नये.'

शुक्रवारी सकाळी धाकटीनं एकाच बशीत संदेश सोडला. दुपारी बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. पहिली बशी मिट्ट काळोखी. दुसरी सरकवली, तर हिरवीगार!

"विषय तुझाच," अखेर त्या म्हणाल्या. "पण झाकणावर हे काय लिहिलंय?"

दारातून काकूंचा हळू आवाज आला, "झालं ना बघून? मग सोडू का आता लेकरांचा उपास?"