सुरुवातीच्या शब्दांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. ज्या सकाळी हॉस्पिटलातून फोन आला आणि बाई गेल्याचं कळलं, त्या सकाळी मी जेवणाच्या टेबलावर उघडीच होते. बाईंच्या नवऱ्याने फोन ठेवला, चपला घातल्या, दारापर्यंत गेला, परत आला आणि माझं झाकण लावलं. मग हॉस्पिटलात गेला.

मला त्यानेच बनवलं. तो पंप दुरुस्त करणारा माणूस. उरलेल्या पत्र्यातून मला कापलं, ठोकलं. एक कोपरा वाकडाच राहिला. "पंप बरे जमतात तुम्हाला," बाई म्हणाल्या होत्या. पण वीस वर्षं त्यांनी दुसरी पेटी घेतली नाही.

बाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. दर मंगळवारी संध्याकाळी या टेबलाभोवती शिलाई कारखान्यातल्या बायका, ड्रायव्हर, वॉचमन बसत. माझ्या पोटात चारशे कार्डं. पुढे एक शब्द, मागे एक वाक्य. वाक्य पुस्तकातलं चालायचं नाही; ज्याला शब्द लागला, त्याच्याच कामातलं हवं. एका अर्थाच्या शब्दांना एक रबर. 'सुरू करणे' या अर्थाच्या शब्दांचा गठ्ठा सगळ्यांत जाड होता. मशीन स्टार्ट करायचं, बिगिन नाही. नोटिशीत परीक्षा कमेन्स होते, पण घरात जेवायला बसताना कोणी कमेन्स म्हटलं तर हसतील. थांबलेलं काम पुन्हा धरलं की रिझ्यूम. नवा माल बाजारात आणला की लाँच. "अर्थ एकच ना, बाई?" ड्रायव्हर कुरकुरायचा. बाई विचारत, "घरच्या पोराला आणि साहेबाला एकाच हाकेने बोलावतोस का तू?"

बाई गेल्यावर नवऱ्याची बहीण आली. मला पुसत म्हणाली, "दादा, वहिनीची आठवण आहे. काचेच्या कपाटात ठेव." त्याने मला तिथे ठेवलं. मित्रांनो, मला फार राग आला. मी काय शोभेची बाहुली आहे? माझा पत्रा गंजायला तयार आहे, पण नुसतं बघण्यापुरतं राहायला तयार नाही.

आठ दिवसांनी त्याने मला बाहेर काढलं. वाटलं, आता वर्ग भरेल. पण त्याने सगळी रबरं सोडली आणि दोन दिवस बसून कार्डं ए, बी, सी अशी लावली. पंपाच्या सुट्या भागांवरच्या नंबरांमुळे तेवढी अक्षरं त्याला येत होती. लावून झाल्यावर पुन्हा कपाटात. मला वाटलं, संपलं.

पण संपलं नव्हतं. एका रविवारी दुपारी शिलाईवाली आली. बाईंकडे चार वर्षं शिकलेली.

"काका, पेटी द्या. मी लाइनची मुकादम झालेय. उद्यापासून सकाळचा रिपोर्ट मी लिहायचाय. इंग्रजीत. नाही जमलं तर दुसरीला बसवणार आहेत."

"फोनमध्ये बघ की. सगळं असतं म्हणे त्यात."

"बघितलं. सुरूला चौदा शब्द दिले त्याने. माझ्या मशीनला कुठला, ते नाही सांगितलं."

"बाई नाहीत आता."

"माहीत आहे, काका. माझं रडून झालंय. रिपोर्ट राहिलाय."

त्याने उठून कपाट उघडलं. माझं झाकण नेहमीसारखं अडलं, त्याने खालून थाप मारली. शिलाईवालीने आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हे काय केलंत?"

"नीट लावून ठेवलं. नट खोलायचे पाने नाही का लावत, आठ, दहा, बारा नंबर?"

"अहो, एका घरातली माणसं तोडून हजेरीपटात बसवलीत तुम्ही!"

त्याचा चेहरा पडला. बाईंच्या हातची शेवटची गोष्ट आपण मोडली, हे त्याला तेव्हा कळलं. त्याने मला जवळ ओढलं. मग म्हणाला, "त्या गठ्ठ्यात कोण कोण होतं, सांग. मी काढून देतो."

ती आठवून बोलायची, तो बोटं चालवायचा. बिगिन सापडलं. स्टार्ट, कमेन्स, लाँच, रिझ्यूम. चहा दोनदा झाला, मान अवघडली, पण अकरा कार्डं टेबलावर आली. रिझ्यूमच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं; तो शब्द आजवर कुणाला लागलाच नव्हता. शिलाईवालीने तिथे इंग्रजीत आपलं वाक्य लिहिलं: वीज आल्यावर सव्वानऊला लाइनचं काम पुन्हा चालू झालं. त्याने गठ्ठ्याला रबर लावलं. "मंगळवारी ये," तो म्हणाला, "बाकीच्यांनाही सांग. मला शिकवता येत नाही. पण पेटी उघडी असेल."

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपायची असेल तर खुशाल जपा. पण तिला कुलपात घालून जपलं म्हणू नका. मला हाताळा, माझी कार्डं मळू द्या, कोपरे दुमडू द्या. मी तक्रार करणार नाही. कपाटात मात्र मी पुन्हा जाणार नाही.

आता मी टेबलावर असते. एक गठ्ठा लागला आहे. बाकीची तीनशे एकोणनव्वद कार्डं अजून ए, बी, सी अशीच आहेत.