वस्तऱ्याखाली सगळे गप्प

साल एकोणीसशे सत्याऐंशी. थंडी सरत आली होती आणि नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती. मी त्या वेळचा वस्तरा बोलतोय. आता पत्र्याच्या डब्यात गंजत पडलोय, पण ऐट गेलेली नाही. ऐट तरी कसली म्हणा. रात्रीत पुन्हा उगवतं तेच कापण्यात माझा जन्म गेला.

माझा मालक न्हावी. अबोल माणूस. चामड्याच्या पट्ट्यावर तो मला परजायचा, तेव्हा मला वाटायचं, आपल्याएवढी धार कुणाला नाही. ती घमेंड दलालाने उतरवली.

दलाल जागांचे सौदे करायचा आणि चालू नगरसेवकाची कामंही. रोज दाढीला यायचा. बाकावर गिऱ्हाइकं दिसली की हळूच सोडून द्यायचा, की विरोधात उभी राहिलेली नर्सबाई दिसते तशी नाही. लकवा झालेल्या बापाला तिने कुठल्याशा आश्रमात टाकलंय.

"जी बापाची झाली नाही, ती वॉर्डाची काय होणार?"

मी गालागळ्यावर असेपर्यंतच तो गप्प. म्हणून मालक एकाच गालावरून मला पुन्हापुन्हा फिरवायचा. लोकशाहीला माझ्या धारेचा उपयोग झाला तो एवढाच.

खरं काय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. दर रविवारी मालक मला रुमालात गुंडाळून नर्सबाईंच्या घरी न्यायचा आणि खिडकीजवळच्या खाटेवर त्यांच्या वडिलांची दाढी करायचा. स्वच्छ चादर, उशाशी पाणी आणि खडूस म्हातारा.

मग मालक बोलत का नव्हता? दुकानाचा गाळा नगरसेवकाच्या भावाचा होता. दुसरीकडे, मालकाची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा याच नर्सबाई दोन रात्री तिच्याजवळून हलल्या नव्हत्या. पाय पोटावर द्यावा की उपकारावर, हे त्याला ठरवता येईना. मला विचारून उपयोग नव्हता. मला मूठ असते, मत नसतं.

मतदानाआधीच्या रविवारी म्हाताऱ्याने विचारलं, बाहेर प्रचाराचा भोंगा आपल्या नावाने काय बोंबलतोय. मालकाने खाली मान घालून सगळं सांगितलं. म्हातारा हसला.

"ती मला हाकलणार? माझ्या चहात साखर कमी घालायचं धाडस नाही तिला. ती ड्युटीवर आहे तोवर चल. आज दाढी दुकानात."

मालक बराच वेळ मला नुसताच पुसत राहिला. मग उठला आणि हातगाडी घेऊन आला.

दुकानाबाहेर, भर रस्त्यात त्याने खुर्ची मांडली आणि म्हाताऱ्याला गाडीवरून उचलून तीत बसवलं. माणसं जमली. मला वाटलं, आला आपला दिवस. त्या तोऱ्यात मी म्हाताऱ्याची हनुवटी कापली.

तेवढ्यात दलाल आला आणि जागीच थांबला. फेसाने भरलेल्या तोंडाने म्हातारा म्हणाला, "या. मुलीनं मला कुठल्या आश्रमात ठेवलंय म्हणालात? पत्ता द्या. जेवायला वेळेवर गेलेलं बरं."

बाकावरची मंडळी पोट धरून हसली. दलाल त्या दिवशी दाढी न करताच गेला.

संध्याकाळी नर्सबाई तशाच गणवेशात आल्या. आजारी माणसाला रस्त्यावर आणलं, वर हनुवटीही कापली, म्हणून मालकाला फैलावर घेतलं. दुसऱ्या गुन्ह्याचा धनी मी होतो, पण बोलणी त्याने खाल्ली. मग त्यांचा आवाज उतरला.

"गाळा जाईल हो तुमचा."

मालकाने मला मिटलं.

"जाऊ दे. ताई, त्या दोन रात्रींचं फिटलं."